टोकियोच्या स्टेशनवर अपुरं तिकीट

परदेशाहून आलेला माणूस विमानाच्या आणि उंच इमारतींच्या गोष्टी सांगतो. आम्ही मात्र रेल्वेच्या तीन तिकिटांची हकिकत सांगणार आहोत.

आम्ही दोघं नवराबायको. एकाचा जन्म नगरपालिकेच्या सफाई खात्यात गेला, दुसरीचा बालवाडीत मदतनीस म्हणून. धाकटा मुलगा कंपनीच्या कामासाठी टोकियोला असतो. 2024 च्या मे महिन्यात त्याने आम्हाला तीन आठवड्यांसाठी बोलावून घेतलं. शाळेला सुट्टी होती म्हणून लेकीची आठ वर्षांची मुलगीही सोबत आली.

मुलगा निशी-कासाई या भागात राहतो. तिथे आपल्या देशातली बरीच कुटुंबं आहेत. तूरडाळ आणि कढीपत्तासुद्धा मिळतो. पण मुलगा सकाळी आठला कामावर गेला की आम्ही घरात बसून. चार दिवस गेल्यावर नात रडकुंडीला आली. मग ठरलं, आसाकुसाचं सेन्सोजी हे जुनं बौद्ध मंदिर आपलं आपणच पाहून यायचं.

तिथले लोक गेटवर कार्ड टेकवतात आणि पुढे जातात. कार्डात पैसे भरलेले असतात, उतरताना भाडं आपोआप कापलं जातं. आम्हाला मात्र ते कार्ड मिळालं नाही. चिपचा तुटवडा असल्यामुळे 2023 च्या जूनपासून साध्या कार्डांची विक्री बंद होती. ती 2025 च्या मार्चमध्ये पुन्हा सुरू झाली. परदेशी पाहुण्यांसाठी वेगळं कार्ड विमानतळावर मिळत होतं, पण उतरल्यावर सामान सांभाळण्याच्या नादात ते घ्यायचं राहून गेलं. तेव्हा कागदी तिकीट काढणं आलं.

मुलाने आदल्या रात्री चिठ्ठी लिहून दिली. स्टेशनांची नावं अवघड, म्हणून तिथे प्रत्येक स्टेशनला अक्षर आणि आकडा दिलेला आहे. अक्षर मार्गाचं, आकडा स्टेशनचा. निशी-कासाई म्हणजे टी 16. तिथून तोझाई मार्गाने निहोम्बाशी, म्हणजे टी 10. तिथे गाडी बदलून गिन्झा मार्गाने आसाकुसा, म्हणजे जी 19. शेवटी त्याने सांगितलं, “यंत्रावर गोंधळ झाला तर सर्वांत कमी भाड्याचं तिकीट काढा. उरलेले पैसे उतरल्यावर भरता येतात.”

हे काही आम्हाला पटेना. कमी पैशाचं तिकीट काढून लांब जायचं, म्हणजे चोरीच की!

याला कारण आहे. पंचवीस वर्षांपूर्वी आमच्यापैकी एकाचा पास आदल्या दिवशी संपला होता. पाळीच्या घाईत लक्षात आलं नाही. चूक आमचीच होती, दंडही भरला. पण ऐन गर्दीत भिंतीशी उभं करून जे बोल ऐकवले गेले ते अजून विसरलो नाही. ओळखीचे लोक समोरून जात होते, बघत होते. तेव्हापासून तिकीट हातात असलं तरी तपासनीस दिसला की छातीत धडधड होते.

निशी-कासाईला यंत्रांच्या वर मार्गांचा मोठा नकाशा होता आणि प्रत्येक स्टेशनपाशी भाड्याचा आकडा. आम्ही माना वर करून आसाकुसा शोधत राहिलो. मागे माणसं येऊन उभी राहिली. हात थरथरायला लागले. यंत्रावर इंग्रजीचं बटण होतं, दोन मोठे आणि एक लहान असं माणसांचं चित्रही होतं. तेवढं नातीने दाबलं. पुढे आम्ही 180 येनचं, म्हणजे सर्वांत कमी भाडं निवडलं. सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना अर्धं भाडं, म्हणून तिचे 90. एकूण 450 येन. एक येन तेव्हा अर्ध्या रुपयाहून थोडा जास्त होता.

गेटमध्ये तिकीट घातलं की ते पुढच्या बाजूने वर येतं. ते उचलून घ्यायचं असतं, कारण बाहेर पडताना पुन्हा लागतं. आमच्यातला एकजण तसाच पुढे निघाला होता. नातीनेच ओरडून थांबवलं.

निहोम्बाशीला दुसरा घोटाळा. समोर पाटीवर ‘आसाकुसा’ लिहिलेलं. आम्ही खूश होऊन तिकडे वळलो. नात म्हणाली, “आजोबा, तिथे ‘ए’ आहे. आपल्याला ‘जी’ पाहिजे.” पोरीचं खरं होतं. टोकियोत भुयारी रेल्वे दोघांची आहे. नऊ मार्ग टोकियो मेट्रोचे, चार महानगर शासनाचे, त्यांना तोएई म्हणतात. तोएईच्या एका मार्गाचं नावच आसाकुसा आहे! तोही आसाकुसालाच जातो, पण त्याचं भाडं निराळं. तेव्हा नुसतं नाव वाचू नये, अक्षर आणि रंगही पाहावा, हे आम्ही तिथे शिकलो.

गिन्झा मार्ग ही जपानमधली पहिली भुयारी रेल्वे. 1927 च्या 30 डिसेंबरला ती उएनो ते आसाकुसा एवढीच, 2.2 किलोमीटर सुरू झाली. तेव्हा 10 सेनचं नाणं टाकलं की दांडा फिरायचा आणि माणूस आत. आम्हाला मात्र त्या डब्यात बसून काहीच सुचत नव्हतं. खिशातलं 180 येनचं तिकीट निखाऱ्यासारखं वाटत होतं.

आसाकुसाला उतरलो. बाहेरच्या गेटमध्ये तिकीट घातलं. टणटण आवाज झाला आणि दोन फळ्या आडव्या आल्या. तिकीट परत आलं. आम्ही जागच्या जागी गोठलो. आता सगळे बघणार!

कोणीच बघितलं नाही. मागची माणसं बाजूच्या गेटने निघून गेली. खिडकीतून गणवेशातला एक कर्मचारी बाहेर आला. तिकीट पाहिलं, मान लववली आणि हाताने भिंतीलगतचं एक यंत्र दाखवलं. ‘का?’ विचारलं नाही, आवाज चढवला नाही.

ते यंत्र कमी पडलेलं भाडं भरण्यासाठीच असतं. त्याला तिकडे सेइसान म्हणतात. तिकीट घातलं की पडद्यावर फरक दिसतो. निशी-कासाई ते आसाकुसा भाडं होतं 260, म्हणजे आमचे प्रत्येकी 80 येन कमी. नातीचे 130 पैकी 40 कमी. तिन्ही तिकिटं एकेक करून घातली, 200 येन भरले. यंत्राने नवी तिकिटं दिली. ती गेटने गिळली, फळ्या उघडल्या आणि आम्ही बाहेर. ना दंड, ना जास्तीचा एक येन.

वर उजेडात येऊन आम्ही एका कट्ट्यावर बसलो. सेन्सोजीच्या दरवाजावरचा तो प्रचंड लाल कंदील पुढे पाहिलाच. पण त्या घडीला डोळ्यांत पाणी आलं ते त्या दोनशे येनमुळे. मुद्दाम फसवणाऱ्याला तिथेही सोडत नाहीत. भाडं आणि त्यावर भाड्याच्या दुपटीपर्यंत जादा आकार द्यावा लागतो. पण ज्याला कळलं नाही त्याला चोर धरत नाहीत. नवखा माणूस चुकणारच, हे धरून त्यांनी एक यंत्रच बसवून ठेवलं आहे.

आपल्यातली बरीच मुलं आता बाहेरदेशी कामाला जातात, आईबापांना बोलावतात. जाणाऱ्यांना एवढंच सांगणं: स्टेशनची अक्षरं आणि आकडे कागदावर लिहून घ्या. बाहेर पडेपर्यंत तिकीट जपा. टोकियोत घाबरून घरात बसू नका, कमी भाड्याचं तिकीट काढा आणि फरक उतरल्यावर प्रामाणिकपणे भरा. पण ही सोय प्रत्येक शहरात नसते. दुसरीकडे जाताना आधी विचारून घ्या.

आणि इथे राहणाऱ्यांनाही एक सांगणं आहे. आपल्या स्टेशनवर गावाकडून आलेलं एखादं म्हातारं जोडपं तिकिटाच्या यंत्रापुढे गोंधळून उभं दिसतं. मागून आपण “चला लवकर” म्हणतो. आम्हीही म्हणत होतो. आता म्हणत नाही. पुढे होऊन विचारतो, “बाबा, कुठं जायचंय?”