घोडीखालची तार

माझ्या गिटारच्या घोडीखाली एक उघडी तांब्याची तार दाबून बसवलेली आहे. बाहेरून ती दिसत नाही. स्वर तयार होतो तो पिकअपमध्ये. तिथे लोहचुंबकाभोवती केसाहून बारीक तारेचे हजारो वेढे असतात, वर पोलादी तार थरथरली की त्या वेढ्यांत सूक्ष्म वीज उमटते. घोडीखालच्या तारेचा यात काही वाटा नाही. ती व्हॉल्यूमच्या बटणाखालच्या पॉटच्या (पोटेन्शिओमीटरच्या) पाठीवर जाते, तिथून जॅकला, मग केबलच्या बाहेरच्या जाळीतून अ‍ॅम्प्लिफायरच्या पत्र्याला आणि प्लगच्या लांब, जाड पिनेतून भिंतीत शिरून थेट जमिनीत. या तारेवर माझं प्रेम आहे, आणि ते गिटारच्याही आधीचं आहे.

मिरजेत बाबा वायरिंगची कामं घ्यायचे. सतारी आणि तंबोरे बनवणाऱ्यांच्या दुकानांतही त्यांचं जाणंयेणं असे. घोडी घासून जवारी काढणारे कारागीर मी त्यांच्यासोबतच पहिल्यांदा पाहिले. आमच्या घरामागे अर्थिंगचा खड्डा होता. तळाशी तांब्याची प्लेट, भोवती कोळसा आणि जाड्या मिठाचे थर. मीठ-कोळसा ओल धरून ठेवतात आणि ओल्या मातीत वीज लवकर जिरते. उन्हाळ्यात त्यात पाणी ओतायचं काम माझ्याकडे असे. मग बाबा होल्डरला लावलेल्या बल्बची एक वायर फेजला, दुसरी अर्थिंगला टेकवायचे. बल्ब पुरता उजळला तरच त्यांचं समाधान व्हायचं.

कॉलेजात असताना गणपतीतल्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवू लागले, तेव्हा या खड्ड्याची किंमत कळली. एका मांडवात बोर्डाला अर्थिंगच नव्हतं. माईकला ओठ लागला की चटका बसायचा. गिटारच्या तारा घोडीतून अ‍ॅम्पच्या पत्र्याला जोडलेल्या असतात. त्या पत्र्यात वीज गळू लागली आणि तिला जमिनीत जायला वाट नसली, तर ती वादकाच्या बोटांपर्यंत येते. समोरचा माईक वेगळ्या वाटेने जमिनीला जोडलेला असेल, तर तिची पुढची वाट माणसाच्या अंगातून जाते. १९७२ च्या मे महिन्यात स्टोन द क्रोज या बँडचा गिटारवादक लेस हार्वी वेल्समधल्या स्वान्सी इथे मंचावरच विजेच्या धक्क्याने गेला. तो सत्तावीस वर्षांचा होता. त्याचं नाव मी प्रत्येक नव्या वादकाला सांगते.

पुण्यात नोकरी लागल्यावर गिटार स्वतःच करायला घेतली. जुन्या दिवाणाची सागवानी फळी, तयार आणलेला नेक, तापकीर गल्लीतून सोल्डर आणि वायरी. लाकडाचं काम इतरांनीही छान लिहिलेलं आहे, म्हणून ते सोडते. मला गुंतवलं ते आतल्या खोबणीने. खोबणीला आतून तांब्याची टेप चिकटवायची आणि सांध्यांवर टाके मारायचे, कारण टेपखालच्या गोंदातून वीज जाईलच याचा भरवसा नसतो. पॉटचं तिसरं टोक मागे वाकवून त्याच्याच पाठीला जोडायचं. ही पाठ उष्णता पिऊन टाकते आणि फार वेळ तापवली तर आतला कार्बनचा पट्टा जळतो. म्हणून आधी पॉलिश पेपरने घासायची, मग जास्त वॉटचं सोल्डरिंग आयर्न घेऊन झटक्यात टाका मारायचा. नीट बसलेला टाका चकाकतो. तो पाहताना आजही मन भरून येतं.

घोडीची तार मी मुद्दाम शेवटी जोडली. तोवर अ‍ॅम्प घुमत होता. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ही घरघर ‘जी’ (G) या पाश्चात्त्य सुराच्या किंचित वर लागते. तार जोडून बोटं तारांवर ठेवली आणि घरघर एकदम खाली बसली. खोलीतल्या वायरिंगची खरखर माझंच शरीर गोळा करून पिकअपला देत होतं. हात तारांवर येताच तेही जमिनीला जोडलं गेलं. थोडी घरघर तरीही उरली. ती चुंबकीय क्षेत्रातून येते आणि तांब्याची टेप तिला अडवू शकत नाही. गिब्सन या गिटार कंपनीच्या सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये त्यासाठी उलट गुंडाळलेल्या दोन वेटोळ्यांचा हंबकर पिकअप काढला. मला मात्र एकाच वेटोळ्याच्या पिकअपचा मोकळा आवाज हवा होता.

क्वीन या बँडच्या ब्रायन मेने १९६३ मध्ये वडिलांबरोबर घरीच गिटार करायला घेतली होती. नेकला जुन्या शेकोटीच्या चौकटीचं लाकूड आणि कंपनासाठी मोटरसायकलच्या स्प्रिंगा. त्याच क्वीनचा फ्रेडी मर्क्युरी पाचगणीत शिकलेला, म्हणून ती गिटार मला लांबची वाटत नाही. पण जवळची वाटते ती वडिलांमुळे. माझी गिटार पुरी झाल्यावर बाबा पुण्याला आले. त्यांनी मल्टीमीटरचं एक टोक घोडीला, दुसरं जॅकच्या बाहेरच्या भागाला लावलं. आकडा शून्याजवळ आला तशी त्यांनी मान हलवली. मग ऐकायला बसण्याआधी मेन स्विच बंद करून भिंतीतलं सॉकेट उघडलं.

आता मुलं माझ्याकडे घुमणाऱ्या गिटारी घेऊन येतात. मी आधी विचारते, घरी प्लग कुठे लावतोस? जुन्या भाड्याच्या घरांत तीन भोकांच्या सॉकेटमागे कित्येकदा अर्थिंगची हिरवी वायर आलेलीच नसते. तसं निघालं तर गिटार उघडतच नाही. त्याच्यासमोर त्याच्या घरी फोन लावते आणि आधी वायरमन बोलवायला सांगते.