पुठ्ठ्याचा कंबरपट्टा

आमच्या घरच्या महालक्ष्म्या पुठ्ठ्याचे दागिने घालतात. कंबरपट्टा, बाजूबंद, वाक्या, कपाळावरची चंद्रकोर, पुतळ्यांची माळ. सगळं वह्यांच्या पुठ्ठ्याचं नि बांगड्यांच्या खोक्यांचं, वरून बेगड आणि चमकी. भाद्रपदात पुण्याहून, हैदराबादहून भालकीला आलेल्या नव्या सुना ते पहिल्यांदा पाहतात, एकमेकींकडे बघतात आणि काही बोलत नाहीत. हल्ली बाजारात महालक्ष्म्यांसाठी मोत्यांचे, खड्यांचे, एक ग्रॅम सोन्याचे संच मिळतात. लातूरला दुकानांत भिंतीभर टांगलेले असतात. आमच्याकडे ते आणायचं अधूनमधून ठरतं आणि मग कुणीच जात नाही.

हे दागिने आत्याने केले. माझ्या वडिलांची थोरली बहीण. तिला जाऊन काही वर्षं झाली.

आत्याला निलंग्याकडे दिलं होतं. तेव्हा निलंगा, उदगीर, अहमदपूर हे सगळं बीदर जिल्ह्यातच होतं. १ नोव्हेंबर १९५६ ला जिल्ह्याचे तुकडे झाले. हे तीन तालुके मुंबई राज्यात गेले, जहीराबाद-नारायणखेड आंध्रात, आणि भालकी-औराद म्हैसूर राज्यात. आत्या सासरीच होती, तिचं माहेर मात्र परराज्यात गेलं. सोयरिकी, सराफ, लग्नाचा बस्ता, सगळं उदगीर-लातूरकडेच राहिलं; बदलल्या त्या फक्त कचेरीतल्या पाट्या. पुढे काही वर्षांतच ती पांढऱ्या कपाळाने परत आली आणि मागच्या सोप्यात राहू लागली.

मग १९७२. राज्याला कर्नाटक हे नाव मिळायला अजून वर्ष होतं. सीमेच्या दोन्ही अंगांच्या विहिरी सारख्याच आटल्या होत्या. विहीर खोल करायची तर पैसा नाही, कडब्याला पैसा नाही, आणि बैल विकले तर पुढच्या पावसाला औताला काय जुंपायचं? आजोबांनी महालक्ष्म्यांचं सोनं मोडायचं ठरवलं. घरातल्या बायकांच्या अंगावरचं त्याआधीच गेलं होतं. देवीचं मोडायचं म्हटल्यावर आजी दोन दिवस चुलीपुढून उठली नाही म्हणतात. मी तेव्हा पाळण्यात. हे सगळं धाकट्या आत्यांकडून ऐकलेलं.

सोनं उदगीरला न्यायच्या आदल्या रात्री आत्याने कंदील जवळ ओढला, वडिलांच्या जुन्या वह्यांचे पुठ्ठे फाडून घेतले आणि एकेक दागिना त्यांच्यावर ठेवून पेन्सिलीने कड गिरवली. आजीने विचारलं, "काय करायलीस गं?" आत्या म्हणाली, "माप घ्यायले." पुतळ्यांच्या माळेतली एक पुतळी तिने पातळ कागदाखाली धरली आणि वरून पेन्सिल आडवी घासून छापा उठवला. लक्ष्मीची आकृती, भोवती ठिपके, एका बाजूला झिजलेली कड. तो कागद अजून आहे, पिवळा पडलाय, पण ठिपके मोजता येतात.

त्या साली भाद्रपदात महालक्ष्म्या बसल्या त्या पुठ्ठ्याच्या दागिन्यांनी. पुढच्या साली पाऊस झाला, पिकं आली, विहीर भरली, आणि तरी सोनं परत झालं नाही. दर वर्षी काहीतरी आड येई. कुणाचं लग्न, कुणाची फी, एकदा मोटार जळाली. आत्याने पुठ्ठ्याचे दागिने मात्र दर दोन-तीन वर्षांनी नव्याने केले, कारण पुठ्ठ्याला वाळवी लागते, पावसाळ्यात तो फुगतो आणि बेगड काळवंडते. करताना माप जुन्याचंच. पेन्सिलीचे मूळ पुठ्ठे ट्रंकेत वेगळे बांधलेले असत. त्यांना ती कात्री लावू देत नसे.

मी शाळेत जाऊ लागले तेव्हापासून तिच्या हाताखाली होते. मैद्याची खळ शिजवायची, तिच्यात चिमूटभर मोरचूद घालायचं, म्हणजे किडा लागत नाही. मोरचूद घातलं की आमच्यापैकी कुणालाही त्या भांड्याजवळ फिरकायची बंदी. कासाराकडून बांगड्यांची रिकामी खोकी यायची; कंबरपट्ट्याला ती लागत, कारण त्यांचा पुठ्ठा वाकतो पण मोडत नाही. पुठ्ठा कापला की त्यावर खळीने सुती दोरा चिकटवायचा, वेल काढायची, पानं काढायची, आणि ते वाळायच्या आत वरून बेगड पसरून नखाने दाबत जायचं. दोऱ्याच्या दोन्ही अंगांनी नख फिरलं की खालची वेल वर उठून येते. दोन हात लांबून पाहिलं तर ठसेकाम वाटावं. मला हे कधी धड जमलं नाही. माझी बेगड फाटायची. आत्या फाटक्या जागेवर छोटं फूल डकवायची आणि पुढे जायची.

बाजूबंद मात्र ती काळे करी. खळीत काजळी कालवून पुठ्ठ्याला दोन हात द्यायची आणि त्यावर चंदेरी चमकीची वेल. ही नक्कल बिदरीची. बीदरचे कारागीर जस्त आणि तांब्याच्या मिश्रधातूवर चांदीची तार नि पत्रा ठोकून बसवतात, मग किल्ल्यातली माती नवसागराबरोबर उकळून त्यात नग बुडवतात. धातू काळाभोर होतो आणि चांदी पांढरी राहते. आमच्या घरात एक बिदरी पानदान होतं. तेही बहात्तरीत गेलं असावं, पण त्यावरची वेल आत्याच्या हातात राहिली होती.

चमकीची गोष्ट वेगळी. सुरुवातीला चमकी विकत आणायची सोय नव्हती. आत्या कासाराकडची फुटकी काचेची काकणं आणून खलबत्त्यात कुटायची आणि तलम फडक्यातून चाळायची. तो चुरा नखात जाऊन बोटं चिघळत. पुढे माणिकनगरच्या दत्तजयंतीच्या जत्रेत चमकीच्या पुड्या मिळू लागल्या. हुमनाबादजवळच्या या जत्रेला दरसाल कुणीतरी जायचंच. त्याच्याकडे ती पैसे आणि रिकामी डबी द्यायची. "पेरायची रे, ओतायची नाही," असं ती भाच्यांना बजावायची. डिंकाच्या पाण्याचा हात फिरवला की मीठ घातल्यासारखी चिमटीतून सोडायची, आणि उरलेली वर्तमानपत्रावर झटकून परत डबीत भरायची. डबी वर्षभर पुरली पाहिजे, कारण तिच्यात वाटेकरी होता.

वाटेकरी म्हणजे सिस्टरबाई. सरकारी दवाखान्यात नर्स, मूळ बीदरच्या. बीदरला मेथडिस्ट मिशन जुनं, आणि या बाई लहानपणापासून मिशनच्या आवारात वाढलेल्या. आमच्याकडे कोपऱ्याच्या खोलीत भाड्याने राहत. कानडी, दखनी आणि मराठी यांची मोट बांधून बोलत आणि नाताळला दाराला पुठ्ठ्याचा तारा लावत. दत्तजयंती मार्गशीर्ष पौर्णिमेची, नाताळ तिथून हाकेच्या अंतरावर. म्हणून जत्रेतून आलेल्या डबीतली पहिली अर्धी चमकी ताऱ्याला आणि राहिलेली भाद्रपदापर्यंत ट्रंकेत. सिस्टरबाईंनी आत्याला एक युक्ती दिली. पुठ्ठ्यावर सुरीच्या पाठीने चरा पाडायचा, कापायचा नाही, फक्त चरा. मग दोन्ही बाजू किंचित मुडपल्या की ताऱ्याच्या पाकळीला मधोमध कणा येतो आणि चमकी एका अंगाने उजळ, दुसऱ्या अंगाने सावळी दिसते. त्या वर्षापासून महालक्ष्म्यांची चंद्रकोर सपाट राहिली नाही.

जर्मनीत ड्रेस्डेन आणि लाइपझिगच्या बाजूला १८८० ते १९१० च्या सुमारास नाताळच्या झाडासाठी असेच पुठ्ठ्याचे दागिने बनत, हे मला फार पुढे कळलं. साच्यात दाबून उठाव आणलेला पुठ्ठा, वर सोनेरी-रुपेरी कागद. घोडे, मासे, गलबतं. दोन अर्धुकं घरोघर बसून हाताने जोडत. आज संग्राहक त्यांना भलती किंमत देतात. तिथे साचे होते, इथे नख होतं. पण दोन्हीकडे धातू परवडत नसतानाही सण झगझगीत झालाच पाहिजे ही हौस एकच.

आता एक गोष्ट, जी लहानपणी मला दिसत होती आणि कळत नव्हती. आत्या हे दागिने महिनाभर खपून करायची, पण महालक्ष्म्यांना घालायची नाही. आवाहनाच्या दिवशी कोठ्यांवर मुखवटे चढायचे, साड्या नेसवल्या जायच्या, पिलवंडं बसायची, वर फुलोरा टांगला जायचा, आणि दागिने आई नि काकू घालायच्या. आत्या सोप्यातून सांगायची, "वाकी उलटी झाली, फिरव." पंगतीत सवाष्णी. सोळा भाज्या, आंबील, पुरण हे तिने रांधायचं आणि जेवायचं सगळ्यांच्या मागून. मनाई कुणी उच्चारून केलेली मला आठवत नाही. उच्चारायची गरजच नव्हती. आजोबांनी देवीचं सोनं मोडलं तेव्हा देवी कोपणार नाही असं घराने ठरवलं. विधवेने पुठ्ठ्याची चंद्रकोर लावली तर ती कोपेल, हेही घरानेच ठरवलं. मला या हिशेबाचा राग येतो, आणि ज्यांच्यावर काढायचा ती माणसं माझी लाडकी होती.

सिस्टरबाईंकडे असं काही नव्हतं. नाताळच्या आदल्या संध्याकाळी त्या खालून स्टूल धरायच्या आणि आत्या वर चढून तारा दाराच्या चौकटीला बांधायची. मागे बल्ब सोडायचा, वायर नीट करायची, खाली उतरून रस्त्यापर्यंत जाऊन पाहायची, परत चढून तारा जरा डावीकडे घ्यायची. हे ती बराच वेळ करत राहायची.

सिस्टरबाई बदली होऊन गेल्या. पत्रं काही वर्षं आली. आत्या त्यानंतरही डिसेंबरात एक तारा करायची आणि कुणाच्या तरी पोराला देऊन टाकायची.

तिचा मोतीबिंदू काढल्यावर रंग तिला जास्तच भडक दिसू लागले. तेव्हा तिने सगळे बाजूबंद पुन्हा काळे केले, चमकी कमी केली. ते शेवटचे. त्या भाद्रपदानंतर महिन्याभरात तिला धाप लागू लागली आणि आम्ही तिला कलबुर्गीला नेलं. २०१७ पासून बीदर-कलबुर्गी रेल्वे आहे, पण तिला बसवत नव्हतं, म्हणून गाडी केली. दवाखान्यात बोटाला चिमटा लावून प्राणवायू मोजायला आलेली मुलगी वैतागली. आकडाच येईना. "आजीचं नेलपॉलिश काढलं नाही का?" असं तिने कानडीत विचारलं. आत्याच्या नखांना उभ्या जन्मात रंग लागला नव्हता. वाकून पाहिलं तर नखांवरच्या बारीक चरांत डिंक आणि चंदेरी चमकी बसली होती. त्या मुलीने स्पिरिटच्या बोळ्याने एक नख घासलं, निघाली नाही. मग चिमटा कानाच्या पाळीला लावला. आत्याला ऐकू गेलं होतं. ती हसली आणि म्हणाली, "अंगठ्याचं बघा की, तिथं बेगडच लावायची असते."

तिच्यानंतर दागिने कुणी केले नाहीत. आहेत तेच ट्रंकेतून निघतात, परत जातात. चमकी झडते, दर वर्षी ट्रंकेच्या तळाशी थोडी अधिक सापडते. वहिनी म्हणतात वरून नवी लावू. भाची म्हणते नको. ती तिकडे युरोपात असते आणि तिचं म्हणणं की आताची चमकी प्लॅस्टिकच्या पापुद्र्याची, अॅल्युमिनियम चढवलेली, मातीत-पाण्यात तशीच राहणारी. युरोपीय संघाने ऑक्टोबर २०२३ पासून सुट्या प्लॅस्टिक चमकीची विक्री थांबवलीसुद्धा. वहिनींनी हे शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मग काकणं कुटू का?"

गेल्या साली चुलतभावाने ठरवलं की दागिने सोन्यातच घडवून घ्यायचे. आता ऐपत आहे. तो मूळ पुठ्ठे घेऊन उदगीरला एका सराफाकडे गेला, बरोबर मीही. सराफ वयस्कर होता. त्याने वाक्यांचा पुठ्ठा उजेडात धरला, रेघेवरून नख फिरवलं आणि म्हणाला, "कड बाहेरून गिरवलीय. मूळ नग याहून सूतभर लहान असणार." पुतळीचा छापा तो भिंग लावून बराच वेळ बघत बसला. तसा ठसा आता करत नाहीत, पण पाडून देतो म्हणाला. मग भाव सांगितला. भाऊ म्हणाला, कळवतो.

घरी येऊन यादी केली तेव्हा ठुशी राहिल्याचं लक्षात आलं. जुन्या दागिन्यांत ठुशी होती, हे सगळ्यांना ठाऊक. पण ठुशी म्हणजे मण्यांचा दाट गुंफलेला गोल. ती पुठ्ठ्यावर ठेवून गिरवता येत नाही. आत्याने ती कधी केलीच नाही, आणि कशी होती ते आम्ही कुणी तिला विचारलंही नाही. आता दोन्ही धाकट्या आत्यांना विचारावं लागतं. थोरली लातूरला असते, तिच्या मते मणी बारीक, पदकावर मोर आणि मागचा गोंडा लाल. धाकटी सोलापूरला, ती म्हणते मोर नव्हताच, कमळ होतं, आणि गोंडा हिरवा, कारण तिने लहानपणी तो चावून त्याचा रंग जिभेला लावला होता आणि मार खाल्ला होता. रविवारी भावाने दोघींना एकाच फोनवर घेतलं. तासभर बोलणं चाललं आणि शेवटी थोरलीने, "तुला काय कळतंय, तू तेव्हा परकरात होतीस," म्हणून फोन ठेवला.