हस्तांतरणाचा पट्टा

प्रशासकीय प्रशिक्षण संस्थांमध्ये ‘संघभावना’ या विषयावर एक व्याख्यान हमखास असते आणि त्या व्याख्यानात क्रिकेट हमखास असते. कर्णधार कसा शांत राहतो, अकरा जण एकमेकांसाठी कसे खेळतात, वगैरे. सेवेच्या निरनिराळ्या टप्प्यांवर अशी पाच-सहा व्याख्याने मी ऐकली. ऐकताना बरे वाटते. परंतु कार्यालयात परतल्यावर त्यांचा उपयोग कोठे करावा, हे मला कधी उमगले नाही. दोष व्याख्यात्यांचा नव्हता, दृष्टान्ताचा होता. क्रिकेटचा संघ एकाच वेळी मैदानावर असतो. सरकारी काम करणारा संघ तसा कधीच नसतो. एखाद्या प्रकरणावर पहिली टिप्पणी लिहिणारा सहायक, अभिप्राय देणारा लेखाधिकारी, मंजुरी देणारा अधिकारी आणि दोन वर्षांनी त्याच मंजुरीचा खुलासा लेखापरीक्षणाला देणारा त्याचा उत्तराधिकारी, हे सारे एकाच संघाचे खरे. पण त्यांतील कित्येकांनी एकमेकांचे तोंडही पाहिलेले नसते.

आमचा खेळ रिलेचा आहे.

२०१६ च्या रिओ ऑलिंपिकमधील पुरुषांची ४ × १०० मीटर रिले शर्यत ज्यांनी पाहिली असेल, त्यांना जमैकाचा उसेन बोल्ट आठवत असेल. त्याची ती शेवटची ऑलिंपिक शर्यत होती. मला मात्र त्याच्या मागोमाग आलेला जपानचा संघ अधिक विचार करण्याजोगा वाटतो. जमैकाची वेळ ३७.२७ सेकंद, जपानची ३७.६०. त्या चार जपानी धावपटूंपैकी एकानेही तोपर्यंत १०० मीटर अंतर १० सेकंदांच्या आत कापलेले नव्हते. अमेरिकेच्या चौघांनीही ते केलेले होते. अमेरिका जपानच्या मागून तिसरी आली आणि नंतर बादही ठरली, कारण पहिल्याच बदलात बॅटनला हात लागला तो ठरलेल्या पट्ट्याच्या अलीकडे.

या पट्ट्याविषयी थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण सगळे मर्म तेथे आहे. त्या वेळी बॅटन हातातून हातात जाण्यासाठी २० मीटरांचा पट्टा असे आणि घेणाऱ्याला त्याआधी १० मीटरांपासून धाव घेण्याची मुभा असे. पुढे नियम बदलून ३० मीटरांचा एकच पट्टा करण्यात आला. घेणारा थांबून वाट पाहत नाही. त्याने पावले मोजून धावपट्टीवर एक खूण चिकटवलेली असते; देणारा त्या खुणेवर पोहोचला की घेणारा सुटतो आणि मग मागे वळून पाहत नाही. मागून हाक येते, हात मागे जातो आणि त्या हातात बॅटन पडते. या क्षणी दोघेही पूर्ण वेगात असले तरच बॅटनचा वेग टिकतो. शर्यत जिंकायची असते ती बॅटनने, धावपटूने नव्हे. (आमच्याकडे पालखीचा खांदा बदलताना पालखी खाली टेकवत नाहीत, त्यातले शहाणपण याच जातीचे असावे.)

जपानी प्रशिक्षकांनी या शतकाच्या आरंभापासून बॅटन खालून वर देण्याची पद्धत स्वीकारली. बहुतेक देश ती वरून किंवा पुढे ढकलून देतात. त्यात दोघांचे हात लांब पसरतात व थोडे अंतर फुकट मिळते. खालून देताना ते अंतर गमवावे लागते, पण घेणाऱ्याची धावण्याची ठेवण मोडत नाही. याहून महत्त्वाची गोष्ट अशी की ही पद्धत कोण्या एका चौकडीची नव्हती. २००८ साली बीजिंगला जपानने याच शर्यतीत कांस्यपदक मिळवले होते (जमैकाचे पदक उत्तेजक द्रव्यामुळे रद्द झाल्यावर त्याचे पुढे रौप्य झाले), आणि त्या संघातील चौघांपैकी एकही जण २०१६ च्या संघात नव्हता. माणसे सगळी बदलली, बदलाची रीत टिकली. तीही अमोघ नव्हेच. २०२१ मध्ये टोकियोत, आपल्याच मैदानावर, अंतिम शर्यतीच्या पहिल्याच बदलात बॅटन दुसऱ्याच्या हातात पोहोचली नाही आणि जपानची शर्यत तेथेच संपली.

आता आमच्या पट्ट्याकडे वळतो. बदलीचा आदेश येतो, ‘तात्काळ कार्यमुक्त व्हावे’ असे त्यात असते, आणि एका छापील प्रमाणपत्रावर जाणारा व येणारा अशा दोघांच्या सह्या होतात. कित्येकदा त्या सह्याही वेगवेगळ्या दिवशी होतात. केंद्र सरकारच्या १९७९ च्या नियमांत बदली झालेल्या कर्मचाऱ्याला नव्या जागी रुजू होण्यासाठी १,००० किलोमीटरपर्यंत १० दिवस मिळतात. सामान बांधायला, गाडी पकडायला, मुलांच्या शाळेचे पाहायला ते लागतातच. आपल्यापैकी ज्यांनी नागपूरहून गुवाहाटीला बिऱ्हाड हलवले आहे, त्यांना हे दिवस कसे उडून जातात ते सांगायला नको. ३१ ऑक्टोबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सनदी अधिकाऱ्यांना एका पदावर किमान निश्चित कालावधी मिळावा असा निर्णय दिला, तो योग्यच होता. त्याने प्रत्येकाच्या धावेची लांबी ठरण्याला मदत झाली. दोन धावांच्या मधल्या जागेचा विचार मात्र अजून कोणी फारसा केलेला दिसत नाही.

त्या मधल्या जागेत काय पडते, ते मी पूर्व भारतातील एका जिल्ह्यात पाहिले. एका दिवंगत प्राथमिक शिक्षकाची विधवा दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी कापडी पिशवी घेऊन येत असे. कुटुंबनिवृत्तिवेतन रखडले होते. पतीची नोकरी दोन तालुक्यांत झालेली आणि सेवापुस्तकातील एका वर्षाची पडताळणी राहिलेली, एवढाच मुद्दा. फाइल मागवली. त्यावर ‘चर्चा करा’ अशा अर्थाचा एकच इंग्रजी शब्द लिहिलेला होता. लिहिणाऱ्या अधिकाऱ्याची तीन दिवसांनी बदली झाली होती. त्यानंतर काही महिने त्या पदाचा अतिरिक्त कार्यभार दुसऱ्याकडे होता. चर्चा कोणी कोणाशी करायची, हे कोणालाच ठाऊक नसल्याने लिपिकाने ती फाइल ‘चर्चेसाठी प्रलंबित’ अशा गठ्ठ्यात नीट बांधून ठेवली होती. चौदा महिने ती तेथे होती. कोणीही आळस केलेला नव्हता. ज्याने त्याने आपले शंभर मीटर धावून दाखवले होते.

त्या बाईंना माझ्या तोंडची त्यांची भाषा ऐकून हसू येत नसे, हे त्यांचे सौजन्य. फाइल कोणत्या दिवशी कोठून कोठे गेली, ते त्यांनी मला तोंडपाठ सांगितले. मी आवक-जावक नोंदवहीशी तारखा ताडून पाहिल्या; एकही चुकलेली नव्हती. टेबलांनी एकमेकांच्या हाती दिले नाही, म्हणून ते त्यांनी चौदा महिने स्वतः वाहिले होते, बसभाडे भरून. राहिलेली पडताळणी दुसऱ्या तालुक्याच्या कार्यालयातून नऊ दिवसांत आली.

रिलेचे नियम या बाबतीत आमच्यापेक्षा स्पष्ट आहेत. बॅटन केवळ घेणाऱ्याच्याच हातात असते त्या क्षणी हस्तांतरण पूर्ण होते. तोवर जबाबदारी देणाऱ्याची. ती पडली तर ज्याच्या हातून पडली त्यानेच उचलायची. आमच्याकडे पडलेली वस्तू कोणाच्या हातून पडली हे ठरवायलाच एक समिती लागते, आणि समितीचे सदस्यही बदलून जातात.

याच्या उलट अनुभवही सांगितला पाहिजे. दुसऱ्या एका नदीकाठच्या जिल्ह्यात माझे पूर्वसुरी कार्यमुक्त झाल्यानंतरही दोन दिवस थांबले. कुटुंब पुढे पाठवून दिले, स्वतः विश्रामगृहात राहिले आणि मला जीपमध्ये घालून बांधावरून फिरवले. कोठे बांध पोकळ झाला आहे, कोणत्या गावाला शाळेची इमारत देण्याचे तोंडी कबूल केले आहे, कोणता कंत्राटदार फोन उचलत नाही. “हे कागदावर सापडणार नाही, म्हणून दाखवतो,” एवढेच म्हणाले. पावसाळ्यात पाणी चढले तेव्हा वाळूची पोती कोठे लागणार, हे विचारत बसावे लागले नाही. गेल्यावर मात्र त्यांनी आपणहून एकदाही फोन केला नाही. मी केला की उत्तर देत. बॅटन दिल्यावर धावपटूने आपल्याच पट्ट्यात राहायचे असते, दुसऱ्याच्या वाटेत यायचे नसते. पुष्कळ ज्येष्ठांना हे जमत नाही.

तेव्हापासून जागा सोडताना मी एक टिपण ठेवतो. प्रलंबित प्रकरणांची यादी कोणीही काढून देते, म्हणून पहिल्या पानावर मी फक्त तोंडी दिलेले शब्द लिहितो: कोणाला, कधी, काय. मागच्या बदलीच्या वेळी माझ्या स्वीय सहायकांनी ते टंकताना विचारले, “सर, माहितीच्या अधिकारात हे कोणी मागितले तर?” मी म्हटले, मागू द्या. ते काही बोलले नाहीत. संध्याकाळी पान सहीसाठी आले, तेव्हा खाली त्यांनी आपणहून आणखी दोन नोंदी घातलेल्या होत्या. ते शब्द माझ्या आधीच्या अधिकाऱ्यांनी दिलेले होते. त्यांतील एक चार वर्षांपूर्वीचा होता.