आमची सही आणि एक अनुस्वार

मराठीचे अध्यापन करीत आम्हांस तेरा वर्षे झाली. इतकी वर्षे अक्षरांच्या संगतीत घालविल्यावर अक्षरांशी आपली चांगली ओळख आहे अशी समजूत कोणाचीही होईल. तशी ती आमचीही झाली होती. आमच्या घरची बोली कोकणी. मराठी आम्ही मिळविली ती मुख्यतः पुस्तकांतून, म्हणजे छापील अक्षरांतूनच. त्यामुळे या समजुतीस थोडा अभिमानाचाही रंग चढलेला होता. तो गेल्या नाताळच्या सुटीत उतरला. कसा उतरला, हे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

आमच्या शाळेची एक माजी विद्यार्थिनी सध्या मुंबईस एका कला महाविद्यालयात शिकत आहे. मुद्रण आणि अक्षररचना हे तिचे अभ्यासाचे विषय. शाळेत असताना ती निबंधाच्या मथळ्याभोवती वेलबुट्टी काढीत असे आणि कधी कधी मथळ्याची अक्षरेच निरनिराळ्या वळणांनी लिहीत असे. नववीत असताना तिच्या वहीत आम्ही तांबड्या शाईने शेरा मारला होता : 'नक्षी कमी, आशय अधिक हवा.' शेरा अगदीच चुकीचा होता असे नव्हे. परंतु तो मारताना ती अक्षरे मात्र आम्ही पाहिली नव्हती.

सुटीत ती घरी आली तेव्हा वर्गात केलेली कामे एका भल्यामोठ्या पुठ्ठ्याच्या बासनात घालून आम्हांस दाखवावयास आली. "सर, मात्शें पळयात," असे म्हणून तिने ती आमच्या सोप्यातील बाकावर एकेक करून मांडली.

पहिल्या कागदावर केवळ एकच अक्षर होते, 'ल'. पण ते तीन प्रकारे काढलेले. एक बोरूने लिहिलेले, दुसरे हिंदी पुस्तकांत आढळते तसे सरळ उभ्या दंडाचे, आणि तिसरे आपण मराठीत लिहितो तसे दोन पाकळ्यांचे. तिने सांगितले की देवनागरीसाठी बोरूचे टोक तिरपे कापतात, आणि रोमन लिपीसाठी लेखणी कापताना तो तिरकसपणा उलट बाजूस असतो. त्या एका कापावरून अक्षराचा कोणता भाग जाड आणि कोणता बारीक हे ठरते. पुढे बोरू गेला, धातूचे खिळे आले, तेही गेले आणि संगणक आला. पण जाडबारीकपणाची ती ठेवण अक्षरांत तशीच राहिली. कित्येक संगणकीय टंकांत मराठी मजकूर लिहिला तरी 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे उमटतात, हेही तिने दाखविले. महाराष्ट्र शासनाने २००९ साली पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श' हीच मराठीची प्रमाण वळणे म्हणून ठरविली आहेत. दररोज फळ्यावर 'ल' लिहिणाऱ्या आम्हांस हा भेद डोळ्यांना दिसत होता. पण तो कधी मनात आला नव्हता.

दुसरे काम म्हणजे खिळ्यांच्या केसचा नकाशा. इंग्रजीचे जुळारी सव्वीस अक्षरांच्या मोठ्या व लहान रूपांवर, आकडे आणि विरामचिन्हांवर काम भागवितात. आपल्या जुळाऱ्यापुढे मात्र पूर्ण अक्षरे, अर्धी अक्षरे, जोडाक्षरे, काने, वेलांट्या, उकार, रफार असे शेकडो खिळे आणि त्यांची शेकडो घरे. कोणते घर कोठे आहे हे त्याच्या हातास पाठ हवे. हा पसारा कमी व्हावा म्हणून लोकमान्य टिळकांसारख्या पुरुषानेही परिश्रम केले होते. मुंबईत जावजी दादाजींनी १८६९ साली काढलेल्या निर्णयसागर छापखान्याचे नाव झाले ते त्याच्या सुबक टाइपामुळेच. यांपैकी एका पद्धतीत मूळ अक्षर मधल्या ओळीत बसते आणि मात्रा, अनुस्वार, उकार यांचे बारीक खिळे त्याच्या वर व खाली वेगळे बसवावे लागतात. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढील कथेत तिचे काम आहे.

तिसरी एक लहानशी पुस्तिका होती, तिच्याच हाताने शिवलेली. तिचा विषय आमच्या गोव्याचा. भारतातील पहिला छापखाना १५५६ साली जुन्या गोव्यातील सेंट पॉल कॉलेजात सुरू झाला. फादर स्टीफन्स यांचे मराठी 'क्रिस्तपुराण' १६१६ साली राशोल येथे छापले गेले, पण रोमन लिपीत. कारण नागरी खिळे येथे नव्हतेच. १६७८ साली दूर अ‍ॅम्स्टरडॅम येथे मलबारच्या वनस्पतींवरील एका लॅटिन ग्रंथात कोकणीतील एक निवेदन नागरी अक्षरांत उमटले. मराठीचे व्याकरण नागरी खिळ्यांत छापले गेले ते १८०५ साली, बंगालमधील सीरामपूर येथे, विल्यम केरी यांच्या हस्ते. म्हणजे छापखाना प्रथम आमच्या दारात उतरला आणि आमची अक्षरे मात्र फार उशिरा व परमुलखांत छापली गेली. त्या पुस्तिकेत हे सर्व तिने पाच पानांत मांडले होते, आणि प्रत्येक पानावर मोकळी जागा इतकी सोडली होती की वाचताना घाई करावीशी वाटेना.

चौथे काम व्हावयाचे होते. स्वतःच्या गावात वापरले जाईल असे काही, हाताने खिळे जुळवून छापून आणावे, अशी वर्गाची अट होती. योगायोगाने जानेवारीत गावची जत्रा होती आणि जत्रेत मराठी नाटक. त्या नाटकाचे हस्तपत्रक छापावे असे ठरले. डिचोलीच्या बाजारात एक जुना छापखाना आहे. तेथील ट्रेडल यंत्र आता पावतीपुस्तकांवर क्रमांक उमटविणे आणि पावत्या फाडण्यासाठी भोके पाडणे एवढ्याच कामासाठी चालते. परंतु म्हाताऱ्या जुळाऱ्यांनी खिळ्यांच्या केसी मोडीत घातल्या नव्हत्या. त्यांनी या मुलीस चार दिवस जवळ बसवून घेतले. स्टिक डाव्या हातात कशी धरावी, उलटे अक्षर सुलटे कसे वाचावे, दोन ओळींमध्ये पट्टी केव्हा घालावी, हे सर्व शिकविले.

पत्रकाचा मजकूर आम्हीच लिहून दिला होता. चौथ्या दिवशी सायंकाळी ती ओले मुद्रित घेऊन आली. आमच्यापुढे घटक चाचणीच्या उत्तरपत्रिकांचा ढीग होता. आम्ही मुद्रित हाती घेतले, एकदा वाचले आणि मनाशी खूष झालो. आमचीच वाक्ये ती, छापल्यावर अधिक भारदस्त दिसत होती. कोपऱ्यात 'ठीक आहे' असे लिहून खाली सही केली. दुसऱ्या दिवशी दोनशे प्रती छापून झाल्या आणि खिळे सोडवून आपापल्या घरांत टाकले गेले. पत्रके देवळात, दुकानांत, बसथांब्यावर पोहोचली.

नाताळची सुटी संपून शाळा उघडली तेव्हा एक पत्रक आम्ही मोठ्या कौतुकाने शाळेच्या सूचनाफलकावर लावले. मधल्या सुटीत फलकापुढे पाचवीचा एक मुलगा उभा होता. तो अजून अक्षर अक्षर लावून वाचतो. सर्वांत वरची, सर्वांत मोठ्या टाइपातील ओळ तो बोट ठेवून मोठ्याने वाचीत होता : "स, ह, कुं, टु, ब." मग आमच्याकडे वळून त्याने विचारले, "सर, कुंटुब म्हणजे काय?"

आम्ही पाहिले. 'सहकुटुंब यावे' या ओळीतील अनुस्वार 'टु'वर असावयाचा तो एक घर अलीकडे, 'कु'वर जाऊन बसला होता. वरच्या ओळीतला तो टिंबाएवढा खिळा नव्या हातातून किंचित सरकला, यात नवल नव्हते. नवशिक्या हाताची चूक पकडण्यासाठीच तर मुद्रित काढतात आणि जाणत्याकडे पाठवितात. जाणते म्हणून ते आमच्याकडे आले होते.

सायंकाळी आम्ही तिच्या घरी गेलो. ती दोन दिवसांनी मुंबईस परतणार होती आणि तेथे पोहोचताच हे काम सादर करावयाचे होते. आम्ही काही बोलण्यापूर्वीच ती म्हणाली, "सर, म्हाका खबर आसा." तिला ते आदल्या दिवशीच दिसले होते. आम्हांस वाईट वाटेल म्हणून ती बोलली नव्हती. आमचा कंठ दाटून आला, असे लिहिले तर वाचक अतिशयोक्ती म्हणतील. पण काही वेळ आम्हांस बोलता आले नाही, एवढे खरे.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर आम्हीही तिच्याबरोबर डिचोलीस गेलो. सर्व ओळी पुन्हा जुळवावयाच्या होत्या. म्हाताऱ्या जुळाऱ्यांनी आमच्या हाती स्टिक दिली आणि 'सहकुटुंब' हा एकच शब्द आम्हांस जुळवावयास सांगितला. त्यास पाव तास लागला. अनुस्वाराचा खिळा दोनदा बोटांतून निसटून जमिनीवर पडला, आणि दोन्ही वेळा आम्ही तिघेही तो दिव्याच्या उजेडात वाकून शोधीत होतो. नवे मुद्रित निघाल्यावर ते म्हणाले, "सर, तुम्ही अर्थ वाचता. येथे खिळे वाचावे लागतात." मग त्यांनी आपली रीत दाखविली. एकाने मूळ मजकूर मोठ्याने वाचावयाचा, विरामचिन्हांसह. दुसऱ्याने मुद्रितावर बोट फिरवावयाचे. ते झाले की शेवटच्या शब्दापासून पहिल्या शब्दापर्यंत उलटे यावयाचे, म्हणजे अर्थ वाटेत येऊन डोळ्यांना फसवीत नाही. मथळा सर्वांत शेवटी आणि दोनदा पहावयाचा; कारण मोठी अक्षरे बरोबरच असणार असे सर्वांनाच वाटते. आम्ही तसे केले. मुद्रित शुद्ध निघाले. रात्री आठ वाजता पंचवीस नव्या प्रती दोरीवर वाळत होत्या.

निघताना तिने आपले बासन उघडले. त्यात चुकीचे पत्रक होते, शुद्ध पत्रक होते, आणि त्या दोहोंमध्ये आमच्या सहीचे ते पहिले मुद्रित. वर्गात कामाचा प्रत्येक टप्पा दाखवावा लागतो, असे ती म्हणाली. मग जरा घुटमळून तिने विचारले, "सर, तुमची सही आहे त्यावर. हा कागद काढून ठेवू?"

खरे सांगावयाचे तर आमच्या मनात 'काढून ठेव' हेच प्रथम आले. परक्या शहरात, परक्या अध्यापकांपुढे, मराठीच्या शिक्षकाची 'ठीक आहे' अशी सही अशुद्ध शब्दाखाली झळकणार होती. पण तो कागद काढला तर चूक एकट्या तिच्या नावावर राहील, हेही त्याच क्षणी ध्यानात आले. आम्ही म्हटले, "राहू दे. चूक दोघांची आहे, मग कागदही दोघांचा असू दे."

जत्रेस लोक सहकुटुंब आले. अनुस्वार सरकला म्हणून कोणी घरी राहिले नाही. तिच्या कामाचे पुढे वर्गात कौतुक झाले, आणि सर्वांत अधिक विचारणा झाली ती त्या मधल्या कागदाची, असे तिने फोनवर कळविले. मुद्रिताचा उपयोग काय, याचे याहून स्पष्ट उदाहरण वर्गात कोणाकडे नव्हते म्हणे!

विद्यार्थी मित्रहो, यातून तुम्ही सर्वांनी छापखाने काढावेत असे आमचे म्हणणे नाही. पण जे अक्षर तुम्ही सहज वाचून पुढे जाता, ते कोणीतरी आखलेले, कापलेले, जागी बसविलेले असते. ते बरोबर बसले की त्या माणसाची आठवण होत नाही, आणि चुकले की लगेच होते. वहीत मथळ्याचे वळण गिरविणाऱ्या मुलाच्या अक्षरांकडे हल्ली आम्ही शेरा मारण्यापूर्वी थांबून पाहतो. नववीतला तो जुना शेरा परत घेता येत नाही. पण त्याच विद्यार्थिनीने या वार्षिकाच्या मुखपृष्ठाची अक्षरे काढून द्यावीत अशी विनंती आम्ही तिला केली, आणि तिने ती मानली. त्यातील 'ल' दोन पाकळ्यांचा आहे, तो अवश्य पहावा.

या अंकाची मुद्रिते आम्ही शेवटच्या शब्दापासून पहिल्या शब्दापर्यंत उलटी तपासली आहेत, आणि मथळे दोनदा. तरीही एखादा अनुस्वार घर सोडून गेलेला आढळल्यास पाचवीच्या वर्गाने तो मोठ्याने वाचून दाखवावा. सही आमचीच आहे.