समासातली चटणी

ज्यूल व्हर्नची तोफेतून चंद्राकडे जाणाऱ्या माणसांची गोष्ट मी नववीत असताना वाचली. साल 1976. भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेली ती प्रत गिरगावातल्या आमच्या वाचनालयाची होती. तोफ उडते त्या पानाच्या समासात कुणीतरी शिसपेन्सिलीनं, मुंगीएवढ्या अक्षरात, गणित मांडलं होतं. तोफेची लांबी 900 फूट. गोळ्याचा वेग सेकंदाला 12 हजार यार्ड. दोन ओळींची आकडेमोड आणि खाली निकाल: ‘आतल्यांचं वजन 22 हजार पट. चटणी.’

गोष्टीला असा उलटा प्रश्न विचारता येतो हे मला तोवर ठाऊक नव्हतं. आमच्याकडे गोष्ट आवडायची किंवा नाही आवडायची, बस. (पुढे इंजिनिअरिंगला गेल्यावर मी ते गणित तपासलं. बरोबर आहे.)

पुस्तकाच्या शेवटी तारखांचे शिक्के मारायचा कागद डकवलेला असे आणि शिक्क्याशेजारी सभासद क्रमांक. व्हर्नच्या कागदावर 412 हा आकडा तीनदा होता. मग मला नादच लागला. पुस्तक हातात आलं की आधी शेवटचं पान. अनंत अंतरकरांच्या ‘नवल’चे बांधीव अंक, ‘धनंजय’चे दिवाळी अंक, जिथे म्हणून ग्रह, यंत्र किंवा अदृश्य माणूस असेल तिथे 412 आधी जाऊन आलेला. कथेखाली त्याच मुंगीएवढ्या अक्षरात दहापैकी गुण. एका भयकथेखाली शेरा होता: ‘भूत चालेल. पण मग प्रयोगशाळा कशाला?’ कुणाची कथा ते सांगत नाही. तो लेखक माझा लाडका होता आणि शेरा मला झोंबला होता.

शेवटी धीर करून मी व्हर्नच्या त्या चटणीखाली लिहिलं, ‘पण गंमत आहे ना?’

दीड महिन्यानं पुस्तक पुन्हा हाती लागलं. खाली उत्तर होतं: ‘आहेच. म्हणून तर चौथ्यांदा वाचतेय.’

वाचतेय! वाचतोय नव्हे. मनातल्या मनात मी 412 ला मिशा दिल्या होत्या, खिशाला स्लाइड रूल अडकवला होता आणि त्याला रोज सकाळी ट्रॉम्ब्याच्या अणुकेंद्राच्या बसमध्ये बसवत होतो. एका मात्रेनं ते सगळं पुसलं गेलं. घरातल्या बायका काय वाचतात यावर मी तोवर कधी विचार केला नव्हता हेही त्या दिवशी उघडं पडलं.

त्याच सुमारास जगताप प्रकरण कानावर आलं. मराठी विज्ञान परिषद 1966 साली मुंबईतच सुरू झाली. परिषद विज्ञानकथांची स्पर्धा घेई. 1974 च्या स्पर्धेत ‘कृष्णविवर’ या कथेला पहिलं बक्षीस मिळालं. लेखक नारायण विनायक जगताप. हे जगताप म्हणजे खगोलशास्त्रज्ञ जयंत विष्णु नारळीकर निघाले. आद्याक्षरं उलटी केलेली! नारळीकर तेव्हा कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते, म्हणजे माझ्या चाळीपासून एका बसच्या अंतरावर. नावाकडे पाहून बक्षीस मिळू नये म्हणून त्यांनी हे केलं होतं. 1975 च्या कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून दुर्गाबाई भागवतांनी त्यांच्या विज्ञानकथांची दखल घेतली आणि आमच्यासारख्यांची घरातली बोलणी जरा कमी झाली. दुर्गाबाई म्हणतात म्हणजे हे वाचायला हरकत नसावी, असं आईनं ठरवलं.

अक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती कथा मंगलाताई नारळीकरांनी उतरवून दिली होती, हे मला बऱ्याच वर्षांनी कळलं. मंगलाताई गणितज्ञ. एक क्षण वाटलं, 412 म्हणजे...? पण कुलाब्याहून गिरगावात पुस्तक बदलायला कोण येईल!

आमचा पत्रव्यवहार पाच-सहा पुस्तकं चालला. मग वाचनालयातल्या काकांनी मला लिहिताना पकडलं. ‘पुस्तकं काय तुझ्या तीर्थरूपांची आहेत?’ दोन रुपये दंड झाला. जाता जाता मी विचारलंच, काका, 412 कोण? काका चष्म्यावरून बघत म्हणाले, ‘बायकांची नावं-पत्ते पोरांना वाटत बसू होय रे?’ संपलं. काकांचं चुकलं असं आजही म्हणवत नाही.

कॉलेजात असताना फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर जुनी अमेरिकी मासिकं चाळायचो. तिथेच एकदा ह्यूगो गर्न्सबॅकची हकिकत वाचली. 1926 साली त्यानं ‘अमेझिंग स्टोरीज’ काढलं, आणि वाचकांची पत्रं छापताना तो त्यांचे पूर्ण पत्ते छापायचा. घर नंबर, रस्ता, गाव, सगळं. पोरांनी त्या पत्त्यांवर एकमेकांना पत्रं टाकली, त्यातून मंडळं निघाली, घरगुती पत्रिका निघाल्या आणि 1939 च्या जुलैत न्यूयॉर्कला विज्ञानकथेच्या चाहत्यांचं पहिलं जागतिक संमेलन भरलं. माणसं दोनशेच्या आसपास. त्यातही आपसातल्या भांडणापायी सहा जणांना दारातच अडवलं. हे वाचून फार बरं वाटलं. संमेलन अगदी मराठी वाटलं.

आमच्याकडच्या मासिकांत पत्राखाली असायचं ‘एक वाचक, दादर’. चाहते मुंबईतही होते. ‘कृष्णविवर’ पाठ असलेले लोक लोकलमध्ये माझ्या खांद्याला खांदा लावून उभे असणार. पण दादरच्या त्या वाचकाला शोधायचं कुठे? माझं ठाम मत आहे की या शहरात विज्ञानकथेचा गोतावळा उभा राहिला नाही याचं कारण लेखक कमी होते हे नव्हे. लेखक होते: बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर. एकमेकांचे पत्ते नव्हते.

पुढे परिषदेच्या चुनाभट्टीच्या विज्ञान भवनात कार्यक्रमांना जाऊ लागलो. कथास्पर्धेला एक कथाही पाठवली. ती पडली, आणि पडायच्याच लायकीची होती. माझ्या नायकाला गुरुत्वाकर्षण सोयीप्रमाणे लागू होत असे. पण कार्यक्रम संपल्यावर सात-आठ जण हार्बरची गाडी येईपर्यंत चुनाभट्टीच्या फलाटावर बोलत उभे राहायचो, आणि गाडी आली तरी दोन-दोन गाड्या सोडायचो. परग्रहावरचा माणूस आला की विज्ञानकथा होते का? यंत्र काढून घेतलं तरी गोष्ट उभी राहते ती विज्ञानकथा कशी? 1998 मध्ये लोंढ्यांची ‘दुसरा आइन्स्टाइन’ जेम्स गन यांच्या जगभरातल्या विज्ञानकथांच्या संग्रहात इंग्रजीतून आली, तेव्हा त्या फलाटावर आम्ही बटाटेवडे वाटले. लोंढ्यांना याचा पत्ता नव्हता. मुंबईतला विज्ञानकथेचा चाहतावर्ग मी पाहिला तो एवढाच: एक बाक, सात माणसं आणि वड्याचा कागद. भेटणाऱ्या प्रत्येक बाईला मी एकदा तरी विचारायचो, तुम्ही कधी गिरगावात राहत होतात का? एकीनं उत्तर न देता दुसरा डबा गाठला.

नारळीकर सही देत नसत. पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवा, उत्तराखाली सही असेल, असं मुलांना सांगत. मला प्रश्न सुचत राहिले, कार्ड लिहायचं राहून गेलं. 20 मे 2025 रोजी ते गेले. त्या संध्याकाळी भाची घरी आली होती. ती आवडत्या पात्राचं सोंग घेऊन कॉमिक कॉनला जाते, डोंबिवलीहून निळा रंग फासून, केसांचे काटे करून, भर गर्दीच्या लोकलमधून. तिच्या मोबाइलमध्ये तिच्यासारखे शेकडो जण आहेत. नावानिशी, पत्त्यानिशी. मला तिचा हेवा वाटतो, आणि तिच्या आवडीचे सिनेमे अजिबात कळत नाहीत.

वाचनालय कधीच बंद पडलं. चाळीच्या जागी टॉवर आला, पुस्तकं टेम्पोत भरून गेली. कुठे गेली ते सांगणारं कुणी उरलं नाही. 2005 पर्यंत मी फाउंटनला वाचनालयाच्या शिक्क्याची पुस्तकं शोधत असे. मग तिथले विक्रेतेही उठवले गेले. माटुंग्याला किंग्ज सर्कलपाशी अजून अधूनमधून चक्कर मारतो.

तेव्हा एक विनंती. तुमच्या घरात, आजोळी, सोसायटीच्या कपाटात व्हर्नची ती जुनी मराठी प्रत असेल तर रद्दीत घालण्याआधी तोफेचं पान तेवढं उघडून पाहा. समासात 22 हजार लिहिलेलं असेल तर खोडू नका. आणि ते अक्षर तुमच्या आईचं, आत्याचं निघालं, तर त्यांना सांगा, दुसरं अक्षर माझं आहे.