आमटीतले थेंब

मामा चहाचा कप उचलायचा, वास घ्यायचा आणि निमूटपणे मामीचा कप स्वतःकडे ओढून आपला तिच्यापुढे सरकवायचा. समोरच्या गॅलरीतला माणूस पाळत ठेवतो, शेजारी भिंतीला कान लावतात, माझ्या जेवणात काहीतरी घालतात, असं त्याचं चालायचं. पहिली दोन खोटी होती. तिसरं खरं होतं. मामी रोज रात्री त्याच्या आमटीत औषधाचे थेंब घालायची. पेशंटला न बघता, नुसतं मामीचं ऐकून एका डॉक्टरांनी ते लिहून दिले होते.

मामीला नावं ठेवणं सोपं आहे. नवरा तीन-तीन रात्री दाराशी जागा बसतो, त्या बाईनं करायचं काय? ती बाटली दोनदा मीच केमिस्टकडून आणली आहे.

आजार बाहेर फुटला तसे जिन्यात मामा दिसला की लोक बोलायचे थांबू लागले. म्हणजे ‘माझ्यामागे कुजबुजतात’ हेही आम्ही खरं करून दाखवलं. ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी इथं सरकारी मनोरुग्णालयं आहेत, आणि ‘याला येरवड्याला टाका’ हा विनोद मीही शाळेत केलाय. २००४ साली ‘देवराई’ हा मानसिक आजारावरचा सिनेमा बघून आम्ही सगळे रडलो. मुलीच्या स्थळाकडे मात्र ‘यांना बीपी आहे’ एवढंच सांगितलं.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं माणसाला आपल्यावर पुढे उपचार कसे व्हावेत, कसे होऊ नयेत, हे आधीच लिहून ठेवता येतं; आपल्या वतीनं कोणी बोलावं तेही ठरवता येतं. मामाला हे कोणी सांगितलंच नव्हतं. नंतरच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. गोळीनं भीती कमी होईल, वजन वाढेल, हात थरथरले तर लगेच या, असं सगळं त्या त्याच्याशीच बोलल्या, मामीकडे बघून नाही.

त्या रात्री मामीनं थेंबांचं कबूल केलं. मामा म्हणाला, “माहीत होतं मला.”

आता गोळी तो स्वतः पाकिटातून काढून घेतो. गॅलरीतला माणूस अजून बघतो म्हणे, “बघू दे.” कप मात्र बदलतोच. मामी बिनसाखरेचा पिते, म्हणून हल्ली दोन्ही कप बिनसाखरेचे असतात.