टोचणी

आमच्या घरीं जन्मपत्रिकासुद्धां जितक्या आस्थेनें जपल्या जात नाहींत, तितक्या आस्थेनें मीं एक निळें पुस्तक जपलें आहे. तें मोतीच्या लसींचें पुस्तक. ११ वर्षांत त्यांतली एकहि तारीख चुकलेली नाहीं. पाहुणे माझ्या शिस्तीचें कौतुक करतात आणि मीहि तें निमूटपणें स्वीकारतों. खरी गोष्ट अशी कीं, ही शिस्त एका गलथानपणाच्या पोटीं जन्मलेली आहे.

मोतीच्या आधीं आमच्याकडे एक पिलूं होतें. त्याला दोनदां लस टोचून झाली, आणि तिसरी वेळ आली तेव्हां मीं म्हटलें, “दोन झाल्या, पुष्कळ झालें!” या हिशेबांत काय चुकलें तें मला फार उशिरां कळलें. आईच्या चिकांतून मिळालेलीं प्रतिपिंडें पिलाचें रक्षण करतात खरीं, पण तींच लसीलाहि निष्प्रभ करून टाकतात. तीं केव्हां ओसरतील याचा नेम नसतो. म्हणून शेवटची मात्रा १६ आठवडे पुरे झाल्यावर द्यावयाची असते. आमच्या पिलाला पार्व्होनें गांठलें. तीन दिवस उलट्या आणि रक्ताचे जुलाब. चौथ्या दिवशीं पहाटे मीं त्याचें पाणी बदलावयास गेलों, तों बदलण्याची गरज उरली नव्हती.

पुढें मोती आला आणि मी लसीचा भक्त झालों. गेल्या वर्षीं मात्र टोचून घरीं येतों न येतों तोंच त्याचें तोंड सुजूं लागलें, डोळे मिटले. औषधानें सूज उतरली. माझी धास्ती उतरली नाहीं. यंदां तारीख जवळ आली तशी टोचावें तरी भय, न टोचावें तरी भय, अशी माझी स्थिति झाली.

“काका, आधीं त्याचें रक्त तपासूं या,” आमच्या तरुण डॉक्टरीणबाई म्हणाल्या. डिस्टेंपर, पार्व्हो आणि यकृताचा संसर्गजन्य दाह या तीन रोगांविरुद्धचीं प्रतिपिंडें रक्तांत आहेत कीं नाहींत, हें पाहतां येतें. असलीं तर ती लस पुन्हां टोचण्याचें कारण नाहीं. एरवींहि मोठ्या कुत्र्याला ती तीन वर्षांच्या आंत पुन्हां देऊं नये, असें पशुवैद्यांच्या जागतिक संघटनेचें मत आहे. म्हणजे माझ्या निळ्या पुस्तकांतल्या कित्येक तारखा मोतीसाठीं नव्हत्याच. त्या त्या पिलासाठीं होत्या!

तीनहि प्रतिपिंडें पुरेशीं निघालीं. मुलाच्या मॅट्रिकच्या निकालाला आणले नव्हते इतके पेढे मीं आणले आणि उत्साहाच्या भरांत म्हटलें, “मग रेबीजचेंहि असेंच तपासूं!”

“तिथें नाहीं, काका.” परदेशीं कुत्रें नेतांना रेबीजचीं प्रतिपिंडें मोजतात, दर मिलिलिटरला ०.५ एकक तरी लागतात. पण तो आंकडा म्हणजे लस चुकविण्याचा परवाना नव्हे. त्या रोगाचीं लक्षणें दिसूं लागल्यावर माणूस सहसा वांचत नाहीं, आणि आमच्या गल्लींतलीं पोरें मोतीच्या तोंडांत खुशाल हात घालतात. लेप्टोची गोष्ट आणखी निराळी. तिचें संरक्षण जेमतेम वर्षभराचें, आणि रक्तांतल्या प्रतिपिंडांवरून त्याचा अंदाज बांधतां येत नाहीं. श्रावणांत आमच्या दारापुढें गुडघाभर पाणी असतें आणि घुशी तर बारमास. तो निर्णय अजून व्हावयाचा आहे.

त्या दिवशीं रेबीजची लस तेवढी एकटीच टोचली. तासभर आम्ही दवाखान्याच्या बाकापाशीं थांबलों. मोती पंख्याखालीं झोंपला. दर पांच मिनिटांनीं मी वाकून त्याचा ओठ उचलून पाहत होतों. शेवटीं त्यानें एक डोळा उघडून माझ्याकडे असें कांहीं पाहिलें कीं, मीं मुकाट्यानें हात मागें घेतला.